बग्गी, रेडिओ-नियंत्रित शर्यतीची

खडबडीत मातीच्या धावपट्टीवर शर्यतीसाठी पळविण्यात येणारी, छोट्या अंतर्ज्वलन एंजिनावर चालणारी व चालकाने दुरून रेडिओ तरंगांच्या साहाय्याने नियंत्रित करावयाची लहान मोटारगाडी. मराठीत बग्गी या शब्दाने घोडागाडीचा बोध होतो. येथे मात्र वाळूच्या टेकड्यांवर व माळरानावर पळविण्यात येणाऱ्या उघड्या, हलक्या मोटारगाडीवरून हे नाव रूढ झाले आहे. आंतरराष्ट्रीय शर्यतींत मूळ गाडीच्या एकअष्टमांश प्रमाणातील (१ : ८) बग्गी प्रमुख मानली जाते व प्रस्तुत नोंदीत तिचेच वर्णन केले आहे. हिच्या इंधनात नायट्रोमिथेन असल्याने तिला व्यवहारात ‘नायट्रो बग्गी’ म्हणतात.

बग्गीची उत्तम कामगिरी निव्वळ एंजिनाच्या शक्तीवर अवलंबून नसते. कार्ब्युरेटर, क्लच, दंतचक्रे, धक्काशोषक, टायर व रेडिओ यंत्रणा यांची जुळणी धावपट्टी आणि हवामान यांना अनुसरून करावी लागते. या जुळणीत मध्यवर्ती स्थान इंधनाला आहे. मोठ्या मोटारगाडीच्या एंजिनात वंगण व शीतन यांच्या व्यवस्था स्वतंत्र असतात. या एंजिनात जळणारे इंधनच आपल्याबरोबर वंगण आणते व एंजिन थंडही ठेवते. त्यामुळे अधिक वेगाच्या मोहाने इंधन कमी केल्यास वंगण व शीतन ही दोन्ही त्याच क्षणी कमी होतात. मेळ साधण्याच्या सर्व पद्धतींच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे.

इतिहास : या एंजिनाचा पूर्वज म्हणजे प्रतिकृती विमानाचे एंजिन होय. दुसऱ्या महायुद्धापूर्वी अशा विमानांत ठिणगी-गुडदी, तिचे वेटोळे व विद्युत् घट यांचा भार वाहावा लागे. १९४७ च्या सुमारास रे आर्डेन या अमेरिकन संशोधकांनी तापदीप्त गुडदी (ग्लो प्लग) प्रचारात आणली व हा भार नाहीसा झाला. पुढे रेडिओ नियंत्रणाची साधने लहान व स्वस्त झाल्यावर हीच एंजिने छोट्या मोटारगाड्यांत बसविण्यात येऊ लागली. प्रथम गुळगुळीत पृष्ठाच्या धावपट्टीवरील गाड्या पुढे आल्या. मातीवरील बग्गी त्यानंतर लोकप्रिय झाली. प्रतिकृती मोटारींच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (इफ्मार) १ : ८ बग्गींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८६ मध्ये फ्रान्समधील ग्रनॉबल येथे भरविली. जपानमधील क्योशो व मुगेन सेकी या निर्मात्यांच्या गाड्यांनी या प्रकारात मोठा लौकिक मिळविला आहे.

रचना : बग्गीचे वजन सुमारे ३.२ ते ३.५ किग्रॅ. असते व पुढील आणि मागील आसांतील अंतर सुमारे ३२.५ सेंमी. असते. सांगाडा म्हणजे मिश्रधातूची ॲल्युमिनियमाची सुमारे ३ मिमी. जाडीची पट्टी असून तिच्यावर एंजिन, इंधनाची टाकी, सुकाणू व कार्ब्युरेटर हलविणाऱ्या दोन सर्व्हो मोटरी, ग्राही व त्याचा विद्युत् घट बसविलेले असतात. एंजिनाची शक्ती क्लचमधून मध्यवर्ती डिफरेन्शियलकडे (विभेदी दंतचक्राकडे) व तेथून दोन दांड्यांनी पुढील व मागील डिफरेन्शियलकडे जाते. अशा रीतीने चारही चाकांना शक्ती मिळते. मागच्या बाजूस उंचावर प्लॅस्टिकचा पंख असतो. वेगात असताना तो मागील चाके जमिनीवर दाबून धरण्यास व उडीत गाडीचा तोल राखण्यास उपयोगी पडतो.

एंजिन : हे दोन धावांचे, एका सिलिंडराचे, हवेने थंड होणारे असून त्याचे आकारमान ३.५ घ. सेंमी. पर्यंत असते. तो दर मिनिटास ३०,००० हून अधिक फेरे घेऊ शकतो. तापदीप्त गुडदीत प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. एंजिन सुरू करताना सुमारे १.२ ते १.५ व्होल्टचा घट जोडून ते लाल करतात. एकदा एंजिन चालू झाले, की घट काढून घेतात. त्यानंतर ज्वलनाची उष्णता व मिथेनॉलच्या बाष्पावर प्लॅटिनमची होणारी उत्प्रेरक क्रिया यांमुळे तार तप्त राहते व पुढील प्रत्येक फेऱ्यात मिश्रण पेट घेते. येथे ठिणगी केव्हा पाडावयाची हे ठरविणारी यंत्रणा नसते. प्रज्वलनाचा क्षण संपीडन, गुडदीची उष्णता, इंधनाचे घटक व मिश्रणाचे प्रमाण यांवर ठरतो. म्हणून यांपैकी एक गोष्ट बदलली, तरी प्रज्वलन पुढे-मागे सरकते.

निष्कास नळीचा आकारही एंजिनाच्या कार्यात भाग घेतो. फुगीर नळीत शिरलेली दाबाची लाट तिच्या निमुळत्या टोकावरून परावर्तित होऊन परत येते व निष्कास द्वार मिटण्यापूर्वी बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरात लोटते. नळीची लांबी कमी केल्यास हा लाभ अधिक फेऱ्यांवर व वाढविल्यास कमी फेऱ्यांवर मिळतो. याच नळीतील थोडा दाब एका बारीक रबरी नळीने इंधनाच्या टाकीत नेतात. त्यामुळे उड्या व हेलकावे चालू असतानाही कार्ब्युरेटरला इंधन पोहोचत राहते.

इंधन : मिथेनॉल, नायट्रोमिथेन व वंगण तेल हे इंधनाचे तीन घटक होत. तेल एरंडीचे, संश्लेषित किंवा दोहोंचे मिश्रण असते. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. मिथेनॉलला सुमारे ६.५ भाग, तर नायट्रोमिथेनला केवळ १.७ भाग हवा पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. परिणामी सिलिंडरात मावणाऱ्या तेवढ्याच हवेत कितीतरी अधिक इंधन जाळता येते व शक्ती वाढते. मिथेनॉलच्या बाष्पीभवनाची सुप्त उष्णता पेट्रोलच्या सुमारे तिप्पट असल्याने वाफ होताना ते एंजिनाची बरीच उष्णता शोषून घेते. एरंडेल उच्च तापमानातही धातूच्या पृष्ठास चिकटून राहते. मात्र त्याचे किटण साचते. संश्लेषित तेल स्वच्छ जळते, परंतु अतितापात त्याचा थर लवकर तुटतो.

शर्यतीच्या इंधनात नायट्रोमिथेनचे प्रमाण सामान्यतः १६ ते ३० टक्के असते. प्रमाण वाढविल्यास प्रज्वलन लवकर होऊ लागते. त्यामुळे सिलिंडराच्या डोक्याखाली पातळ चकती घालून संपीडन थोडे कमी करावे लागते. नायट्रोमिथेन स्फोटक द्रव्ये बनविण्यास उपयोगी पडत असल्याने यूरोपीय संघाने २०१९ च्या नियमावलीनुसार वजनाने १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेल्या मिश्रणाच्या सामान्य ग्राहकांना होणाऱ्या विक्रीवर निर्बंध घातले. ही नियमावली १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाली.

नव्या एंजिनाची घडण : या एंजिनात दट्ट्यावर कडी नसते. ॲल्युमिनियमाचा दट्ट्या व आतून क्रोमियमाचा मुलामा दिलेले पितळी अस्तर यांच्या अचूक मापामुळेच वायू कोंडला जातो. अस्तर वरच्या टोकाशी किंचित अरुंद असते. थंड असताना दट्ट्या तेथे अडखळतो. एंजिन तापून पितळ प्रसरण पावले, की दोहोंची जोडी बरोबर बसते. म्हणून नवे एंजिन आधी गरम हवेने तापवून मगच सुरू करतात व पहिल्या काही टाक्या इंधनाचे प्रमाण अधिक ठेवून, फार वेग न देता चालवितात. प्रत्येक टाकीनंतर ते पूर्ण थंड होऊ देतात. तापमान मुद्दाम फार कमी ठेवणेही हितावह नसते, कारण मग अरुंद अस्तरातून दट्ट्या ओढताना संयोग दांड्यावर अतिरिक्त ताण पडतो. एंजिन बंद केल्यावर प्रचक्र हाताने फिरवून दट्ट्या तळाशी आणून ठेवतात; अन्यथा थंड होताना अस्तर त्याला आवळून धरते.

कार्ब्युरेटरचा मेळ : कार्ब्युरेटरवर मुख्यतः तीन स्क्रू असतात. उच्चगती सुई पूर्ण वेगातील इंधन ठरविते. नीचगती सुई सुरुवातीच्या व मंद वेगातील इंधन ठरविते. तिसरा स्क्रू गाडी उभी असताना हवेची वाट किती उघडी राहावी हे ठरवितो. सुई उजवीकडे (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने) फिरविल्यास इंधन कमी होऊन मिश्रण पातळ होते व डावीकडे फिरविल्यास दाट होते. कारागीर यांनाच अनुक्रमे लीन व रिच म्हणतात.

मेळ नेहमी एंजिन पूर्ण तापल्यावर करतात. प्रथम लांब सरळ पट्टीवर गाडी पळवून उच्चगती सुई लावतात. मिश्रण फार दाट असल्यास एंजिन घरघरते, भरपूर धूर सोडते व पूर्ण वेग गाठत नाही. सुई एका वेळी फेऱ्याच्या सुमारे बाराव्या भागाने, म्हणजे घड्याळाच्या चकतीवरील एका तासाइतकी फिरवून आवाज स्वच्छ होईपर्यंत जातात. वेग अजून वाढेलसे वाटत असतानाच थांबून सुई किंचित मागे घेतात. पूर्ण वेगातही निष्कास नळीतून निळसर धुराची बारीक रेघ दिसत राहिली पाहिजे. ती रेघ म्हणजे तेल सिलिंडरातून जात असल्याची खूण होय.

त्यानंतर नीचगती सुई लावतात. एंजिन मंद चालत असताना कार्ब्युरेटरजवळची इंधननळी चिमटीत धरतात. फेरे दोन-तीन सेकंदांनी थोडे वाढून मग एंजिन बंद पडल्यास मिश्रण योग्य आहे. फेरे एकदम वाढून ते लगेच बंद पडल्यास मिश्रण पातळ, व बराच वेळ तसेच चालत राहिल्यास दाट आहे असे समजतात. ही सुई पातळ केल्यावर मंद फेरे वाढतात. म्हणून शेवटी तिसऱ्या स्क्रूने ते खाली आणावे लागतात. हा क्रम उलटल्यास एका दोषाचे दुसऱ्या स्क्रूने पांघरूण घातले जाते व खरा दोष सापडत नाही.

सिलिंडराच्या डोक्याचे तापमान अवरक्त तापमापकाने मोजतात. ते बहुधा ९५° ते १२०° से. यांच्या दरम्यान असते. मात्र हा आकडा साध्य नसून साक्षीदार असतो. हवेचा प्रवाह, कवचाची छिद्रे व दिवसाची उष्णता यांनी तो बदलतो. अधिक विश्वसनीय साक्ष गुडदी देते. तार ओलसर व चमकदार असल्यास मेळ बरा आहे. ती राखाडी, खडबडीत किंवा वेडीवाकडी झाली असल्यास मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाने गाडी काही मिनिटे अपूर्व वेगाने पळते हीच खरी फसगत आहे. तेवढ्या वेळात तेलाचा थर क्षीण होतो, प्रज्वलन वेळेआधी होऊ लागते, तार तुटते व अखेरीस दट्ट्या आणि अस्तर ओरखडले जातात किंवा संयोग दांडा निकामी होतो.

हवामान बदलले, की मेळ बदलतो. थंड व कोरडी हवा घन असते व तिच्यात ऑक्सिजन अधिक असल्याने इंधनही अधिक द्यावे लागते. उष्ण किंवा दमट हवेत व समुद्रसपाटीपासून उंच ठिकाणी इंधन थोडे कमी पुरते. यामुळे सकाळच्या गारव्यात लावलेली सुई दुपारी दाट ठरते व गाडी केवळ मंद होते; पण दुपारच्या उन्हात लावलेली सुई सायंकाळी पातळ ठरते व एंजिन गमावण्याची पाळी येते. सायंकाळच्या अंतिम शर्यतीपूर्वी अनुभवी कारागीर सुई थोडी मागे घेतात, ती याच कारणाने.

क्लच व दंतचक्रे : क्लच केंद्रोत्सारी प्रकारचा असतो. प्रचक्रावरील तीन किंवा चार पट्ट्या स्प्रिंगांनी आत धरलेल्या असतात. फेरे वाढल्यावर त्या बाहेर सरकून क्लचच्या घंटेला घट्ट लागतात. कडक स्प्रिंगमुळे क्लच उशिरा, म्हणजे अधिक फेऱ्यांवर लागतो व गाडी जोराने झेपावते. निसरड्या मातीवर मात्र मऊ स्प्रिंग बरी पडते. घंटेचे दंतचक्र १३ दात्यांचे व मोठे दंतचक्र ४६ दात्यांचे असल्यास त्या जोडीतील घट ३.५४ : १ होते, डिफरेन्शियलांतील घट मिळून एकूण घट सुमारे १२ : १ पर्यंत जाते. एंजिन मिनिटास ३६,००० फेरे घेत असल्यास चाके ३,००० फेरे घेतात. टायराचा परीघ ३६ सेंमी. धरल्यास गाडीचा वेग ताशी सुमारे ६५ किमी. येतो. घंटेचा एक दाता वाढविल्यास सरळ पट्टीवरील अंतिम वेग वाढतो, परंतु वळणातून बाहेर पडतानाचा जोर कमी होतो व एंजिन अधिक तापते.

डिफरेन्शियल : तिन्ही डिफरेन्शियलांत सिलिकोन तेल भरतात व त्याची श्यानता (दाटपणा) बदलून गाडीचा स्वभाव बदलतात. पुढील, मधल्या व मागील डिफरेन्शियलांत अनुक्रमे सुमारे ५,०००, ७,००० व ३,००० सेंटिस्टोक श्यानतेची तेले हा नेहमीचा आरंभबिंदू आहे. मधले तेल पातळ असल्यास जोर देताच भार कमी झालेली पुढील चाके व्यर्थ गरगरतात. दाट असल्यास शक्ती चारही चाकांना अधिक समान मिळते, परंतु खड्ड्यांतून गाडी बुजते. मागील तेल पातळ ठेवल्यास आतले व बाहेरचे चाक मोकळेपणी निरनिराळ्या वेगाने फिरतात व गाडी सहज वळते.

धक्काशोषक व चाकांचे कोन : शर्यतीस सज्ज गाडीचा सांगाडा जमिनीपासून सुमारे २५ ते ३० मिमी. उंच ठेवतात. खड्डेमय धावपट्टीवर उंची थोडी वाढवितात. सपाट व घट्ट धावपट्टीवर ती कमी करतात, म्हणजे गुरुत्वमध्य खाली येऊन वळणावर गाडी कलत नाही. धक्काशोषकात स्प्रिंग व सच्छिद्र दट्ट्या असलेली तेलाची नळी असते. स्प्रिंग धक्का पेलते व तेल तिची उसळी शमविते. तेल पातळ असल्यास गाडी उडीनंतर आपटते किंवा पुनःपुन्हा उसळते. दाट असल्यास लहान खड्ड्यांवर चाक जमीन सोडते. उन्हात तेल पातळ होते, हेही ध्यानात घ्यावे लागते. डाव्या व उजव्या बाजूंची उंची, स्प्रिंग व तेल समान असणे ही पहिली अट होय.

चाकांचे वरचे टोक आत कललेले ठेवतात. हा कल १° ते ३° असल्यास वळणावर टायराचा पुरेसा भाग जमिनीला लागतो. मागील चाकांची पुढची बाजू सुमारे ३° आत वळविलेली असते; त्यामुळे जोर देताना गाडी सरळ राहते. हा कोन वाढविल्यास स्थैर्य वाढते, परंतु सरळ वेग घटतो.

टायर : मेळाच्या सर्व उपायांहून टायराची निवड अधिक परिणामकारक असते. सैल धुळीवर उंच व विरळ खुंट्यांचा, तर घट्ट बसलेल्या मातीवर आखूड व दाट खुंट्यांचा टायर चांगली पकड देतो. मऊ रबर पकड देते, पण लवकर झिजते. म्हणून दीर्घ शर्यतीसाठी किंचित कठीण रबर पसंत करतात. टायराच्या आत हवेऐवजी फोमाचे कडे असते व टायर चाकाला जलद सुकणाऱ्या सरसाने चिकटवितात.

रेडिओ व गतिरोधक : नियंत्रणास दोन मार्ग पुरतात : एक सुकाणूचा व दुसरा वेग आणि गतिरोधक यांचा. पूर्वी प्रत्येक प्रेषकात ठराविक कंप्रतेचा स्फटिक बसवीत व एकाच कंप्रतेच्या दोन गाड्या एका वेळी पळविता येत नसत. आता २.४ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यात कंप्रता सतत बदलणारी यंत्रणा वापरतात व ही अडचण उरलेली नाही. संदेश तुटल्यास सर्व्हो आपोआप कार्ब्युरेटर मिटून गतिरोधक लावील अशी सोय आवश्यक मानतात, कारण तीन किलोग्रॅमची बेफाम गाडी प्रेक्षकास गंभीर इजा करू शकते. कार्ब्युरेटर मिटविणारी एक साधी स्प्रिंगही दुसरा उपाय म्हणून बसवितात. गतिरोधकाच्या दोन चकत्या मध्यवर्ती डिफरेन्शियलाच्या दोहो बाजूंस असतात. मागचा गतिरोधक पुढच्याहून फार जोरकस झाल्यास गाडी वळणात शिरताना गरकन फिरते.

शर्यतीतील हिशोब : आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टाकीत नळ्यांसह १२५ घ. सेंमी. इंधन मावते व अजिंक्यपदाची अंतिम फेरी एक तास चालते. एका टाकीवर गाडी नऊ मिनिटे पळत असल्यास तासाभरात सहा वेळा थांबून इंधन भरावे लागते. साडेसात मिनिटेच पळत असल्यास सात वेळा. प्रत्येक थांब्यात काही सेकंद जातात. सुई थोडी पातळ करून एक थांबा वाचविण्याचा मोह येथेच होतो. परंतु शर्यतीच्या मध्यात बंद पडलेले एंजिन पुन्हा सुरू करण्यात वाचविलेल्या वेळेच्या अनेक पट वेळ जातो. गाडीतील छोटा प्रेषक धावपट्टीखालील तारेवरून जाताना प्रत्येक फेरी आपोआप नोंदविली जाते. या नोंदींमुळे जुळणीतील बदलाचा परिणाम सेकंदांत कळतो. मात्र त्यासाठी एका वेळी एकच बदल करणे व तो वहीत टिपणे अवश्य असते.

निगा व सुरक्षितता : मिथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते व त्यामुळे पोलादी धारवे गंजतात. म्हणून दिवसाअखेर टाकी रिकामी करून उरलेले इंधन एंजिनातच जाळून संपवितात व आत थोडे रक्षक तेल सोडतात. इंधनाचा डबा घट्ट बंद ठेवतात. हवेच्या गाळणीवरील फोम तेलात भिजवून वारंवार बदलावा लागतो. धुळीचे कण आत गेल्यास उत्तम मेळ केलेले एंजिनही थोड्या वेळात झिजते. मिथेनॉल विषारी असून ते पोटात गेल्यास अंधत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. ते त्वचेतूनही शोषले जाते. त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. यास्तव इंधन भरण्याच्या जागी धूम्रपान वर्ज्य असते व अग्निशामक जवळ ठेवतात. बंदिस्त खोलीत एंजिन चालविणे धोक्याचे आहे.

एकविसाव्या शतकात लिथियम-पॉलिमर घट व ब्रशविरहित विद्युत् मोटर यांवर चालणाऱ्या बग्गी शक्तीच्या बाबतीत नायट्रो बग्गीच्या बरोबरीस आल्या असून आवाज, धूर व देखभाल यांबाबत त्या सोयीच्या आहेत. तरीही दीर्घ शर्यती, इंधन भरण्याचे थांबे व कारागिराच्या कानाची कसोटी यांमुळे नायट्रो बग्गीच्या स्पर्धा अद्याप भरतात. अंतर्ज्वलन, वंगण, शीतन, घर्षण व शक्तिसंक्रमण यांचा परस्परसंबंध हातात धरून तपासता येईल एवढ्या आकाराचे हे एक बोलके यंत्र आहे.